सदतीस नंबरचं रक्त

१

बन्सीलाल आबा एकसष्ट वर्षांचे होते, पुरुष होते आणि कागदोपत्री गरोदर होते.

निदान पुण्याहून आलेला अहवाल तरी तसं म्हणत होता. सुलक्षणा चौधरीनं तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि मग खुर्ची मागे सरकवून ती नुसतीच बसून राहिली. जळगावच्या त्या संशोधन केंद्रात ती सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होती. एवढ्या वर्षांत तिनं बिघडलेली यंत्रं पाहिली होती, बिघडलेले साहेब पाहिले होते, पण असला अहवाल तिच्या टेबलावर कधी आला नव्हता.

काम साधं होतं. पिकांवर औषध फवारणाऱ्या शेतकऱ्यांच्या यकृताला आतून काही इजा होते का, हे पाहायचं. त्यासाठी एकोणतीस एप्रिलला पहूरच्या शाळेत शिबिर घेऊन चाळीस पुरुषांचं रक्त काढलं होतं. त्या रक्तातले मायक्रोआरएनए मोजायला पुण्याला पाठवले होते. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतले अगदी इवलेसे रेणू. कुठल्या जनुकाचं काम किती चालू द्यायचं, यावर ते लक्ष ठेवतात. प्रत्येक अवयवाचे काही ठरलेले असतात. एकशेबावीस नंबरचा यकृताचा. यकृताच्या पेशीत तो ठासून भरलेला असतो आणि पेशी फुटली की रक्तात सांडतो. डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी तो दिसू लागतो, म्हणून तर एवढा खटाटोप.

सदतीस नंबरच्या नळीत, म्हणजे बन्सीलाल आबांच्या नळीत, हा एकशेबावीस चाळीस पट वाढलेला होता. आणि त्याच नळीत रेणूंचा आणखी एक घोळका होता, जो फक्त गर्भाच्या वारेतून येतो. पुरुषाच्या रक्तात तो यायचं काही कारणच नाही.

केंद्राच्या प्रमुख डॉ. दिपमाला यांनी कागदावर नजर टाकली आणि सांगितलं, "नळी बदलली असेल कुठेतरी. सदतीस बाद करा. शनिवारी आकडे पाठवायचेत."

त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. त्या दिवशी मंगळवार होता.

सुलक्षणानं लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. आकडा बाद करता येतो, पण रक्त कुणाचं तरी असतंच. कुठेतरी एक गरोदर बाई होती, तिचं यकृत झिजत होतं, आणि हे साऱ्या जगात फक्त सुलक्षणाला ठाऊक होतं. ती बाई कोण, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

२

नळी जर बदललीच असेल, तर कुठे? पुण्यात, जळगावात की पहूरमध्येच?

हे कळायला फार डोकं लागलं नाही. शिबिरात प्रत्येकाच्या रक्ताच्या दोन नळ्या भरल्या होत्या. एक पुण्याला गेली, दुसरी इथंच फ्रीझरच्या तळाशी पडून होती. सुलक्षणानं ती दुसरी नळी काढली, हातात धरून वितळवली आणि तिच्यातले तीन थेंब औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या गरोदरपणाच्या पट्टीवर सोडले.

पाच मिनिटांनी पट्टीवर दोन रेषा उमटल्या.

म्हणजे दोन्ही नळ्या एकाच बाईच्या होत्या आणि घोटाळा सुई टोचली तिथंच झाला होता. ती पट्टी तिनं बराच वेळ हातात धरली. अशा दोन रेषा तिच्या स्वतःच्या आयुष्यात कधी आल्या नाहीत. लग्न जमता जमता राहिलं, मग वय राहिलं नाही, मग विचारणारेही राहिले नाहीत. यावलचं घर आईवडलांमागे नऊ वर्षांपासून कुलूपबंद होतं. जळगावात मेहरूणला दोन खोल्यांत ती एकटी राहत होती आणि रोज दोन पोळ्या करत होती. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण तसं कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

रक्त केंद्रातल्या हितेंद्रनं काढलं होतं. पोरगा हाताचा हलका, तोंडाचा मोकळा. बाद नळीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

नळ्यांवर नावाच्या पट्ट्या त्यानं आदल्या दिवशी घरीच चिकटवल्या होत्या, वेळ वाचावा म्हणून. शिबिरात जो घरोघर वाटलेली नंबरची चिठ्ठी पुढे करेल त्याचा हात धरायचा आणि त्या नंबरची नळी भरायची. आणि हो, एक चिठ्ठी घेऊन बाईच आली होती. त्याला वाटलं, यादीत बायाही असतील.

"सदतीस नंबरची बाई आठवते?"

तोंड आठवत नव्हतं. डोक्यावरून पदर घेतलेला होता. पण ती आठवत होती, कारण सुई आत असताना तिनं विचारलं होतं, "या रगतवरतीन काय काय समजस हो भाऊ?"

"तू काय म्हणालास?"

"गंमत केली मॅडम. म्हटलं, सगळं समजतं. तर ती एकदम हात ओढायलाच लागली."

समजस. हे पहूरकडचं, जामनेर तालुक्यातलं बोलणं नव्हतं. धुळ्याकडची बाई पहूरला बन्सीलालच्या चिठ्ठीवर रक्त देऊन गेली होती, आणि रक्तातून काहीतरी कळेल याची तिला धास्ती होती.

३

बुधवारी सकाळच्या एसटीनं सुलक्षणा पहूरला गेली. बन्सीलालचं घर गावाच्या कडेला, मागे केळीचा बाग. अंगणात त्यांची बायको धुरपदाबाई डाळ पाखडत होती. केंद्रातून आल्याचं सांगताच तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि नवऱ्याच्या यकृताची चौकशी आपणच सुरू केली.

झालं असं होतं, की शिबिरानंतर नेहमीच्या साध्या तपासणीचा कागद टपालानं घरी आला होता. यकृताचा एक आकडा थोडासा जास्त, दारू टाळावी, असं त्यात लिहिलं होतं. धुरपदाबाईनं तो कागद देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टोचून ठेवला होता. तेव्हापासून दोन महिने आबांनी थेंबाला शिवलं नव्हतं. तीस वर्षांत जे देवाला आणि तिला जमलं नाही ते तुमच्या कागदानं केलं, असं म्हणून ती मनापासून हसली.

आबा हसले नाहीत. ते खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होते.

सुलक्षणानं त्यांना सहज विचारलं, रक्त कोणत्या हाताचं काढलं? आबांनी उजवा हात पुढे केला. कुणी काढलं? "त्या नर्सबाईनं. रबर बांधलं, सुई टोचली. मी स्वतः गेल्तो ना."

त्या शिबिरात नर्स नव्हतीच. हितेंद्र एकटा होता.

आबा खोटं बोलत होते, आणि का ते खिळ्यावरच्या कागदाकडे पाहून कळत होतं. शिबिराला गेलोच नव्हतो असं कबूल केलं असतं, तर बायकोनं घरातच त्यांना फाडून खाल्लं असतं. म्हणजे घरातल्याच कुणाला तरी त्यांनी पाठवलं होतं. पण कुणाला?

तेवढ्यात आतून चहा आला. आणणारी या घराची सून, भूमिका. कमरेवर हात, चाल संथ, पोट जेमतेम दिसण्याइतकं. कपबशी ठेवताना ती म्हणाली, "साखर कमी शे, मोठी बाई. लागनी ते सांगा."

शे. सुलक्षणाचा हात कपावरच थांबला. सुनेचं माहेर कुठलं, असं तिनं विचारलं.

दोंडाईचा, तिकडे धुळ्याकडे, धुरपदाबाई कौतुकानं म्हणाली. चौथा महिना लागलाय.

४

सगळं जुळलं होतं. धुळ्याकडची भाषा, गरोदरपण, आणि सासरा सांगेल ते निमूट ऐकणारी सून. सुलक्षणानं तिला आत नेऊन हळूच विचारलं, तू रक्त दिलं होतंस का? भूमिका नाही म्हणाली. सासऱ्याला सांभाळून घेत असेल, असं सुलक्षणाला वाटलं. मग यकृताची तपासणी म्हणून तिनं भूमिकाचं रक्त काढलं, नळी बर्फात ठेवली आणि परतीच्या गाडीत बसली. आपण एक जीव वाचवतोय या विचारानं तिला वाटेत फार बरं वाटत होतं. घरी गेल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते आमटी ढवळता ढवळता स्वतःलाच सांगितलं.

गुरुवारी दुपारी तिनं केंद्रातल्या, एका वेळी एकच रेणू मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर भूमिकाचा एकशेबावीस मोजला. तो अगदी ठणठणीत निघाला. यकृत खणखणीत.

डॉ. दिपमालांना हायसं वाटलं. बरी झाली असेल, विषय संपला, असं त्या म्हणाल्या. पण चाळीस पट सांडणारं यकृत कारण न हटवता असं दोन महिन्यांत गपचूप बरं झालं असेल, हे सुलक्षणाच्या गळी उतरेना. तिनं भूमिकाला फोन लावला. तपासणी चांगली आहे हे आधी सांगितलं आणि मग पुन्हा विचारलं, खरं सांग, शिबिरात तू गेली नव्हतीस?

"नही ओ. मी तवय दोंडाईचाले व्हतू. आखाजी व्हती ना. आखाजीले बठ्ठ्या बाया माहेरले जातस."

फोन ठेवल्यावर सुलक्षणाला स्वतःचा भयंकर राग आला.

एकोणतीस एप्रिल. तारीख प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तिनंच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. अख्ख्या खानदेशाला ती तारीख पाठ, झाडाझाडाला झोके बांधलेले, एसट्या पोरीबाळींनी भरलेल्या, आणि हिच्या ते ध्यानातही आलं नाही. कारण नऊ वर्षांत तिला कुणी आखाजीला बोलावलंच नव्हतं. नाशिकच्या भावाचा फोन दिवाळीला यायचा, तोही बायकोनं आठवण केली तर. यंदाची आखाजीची सुट्टी तिनं केंद्रात येऊन फ्रीझरमधला बर्फ खरवडण्यात घालवली होती.

आखाजीला घरातल्या सुना जातात. म्हणजे ती गेले दोन दिवस चुकीच्या घरात शोधत होती. त्या दिवशीचं घर वेगळंच होतं. कारण सुना जातात तेव्हा घर रिकामं राहत नाही. सुना जातात आणि लेकी येतात.

५

आबा फोनवर आधी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" करत राहिले. सुलक्षणा शांतपणे बोलली. खिळ्यावरचा तो कागद तुमच्या रक्ताचा नाही, हे मी तुमच्या घरी सांगणार नाही, पण त्या दिवशी ज्या लेकीला तुम्ही चिठ्ठी दिली, तिचं यकृत धोक्यात आहे.

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माही रूपा?" आबा म्हणाले. "ट्रक आल्ता हो केळीचा, पहाटेच. कटाई सोडून कसा जाऊ? म्हटलं, चिठ्ठी घराची हाये, घरातलं कोनीबी गेलं त चालते. राशनले नाही का चालत? रक्त उपाशीपोटी द्याचं होतं, तिनं तोंडात काही टाकलेलं नव्हतं, तिलेच पाठवलं."

रूपा, वय एकोणतीस. सात वर्षांपूर्वी धुळ्याला दिलेली. सात वर्षांत जिभेवर शे आणि समजस बसलं. नवरा ट्रकवर, आठआठ दिवस बाहेर. मूलबाळ? आबांचा आवाज खाली गेला. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर गावभर पेढे वाटले होते.

गरोदरपणाचं सुलक्षणानं त्यांना सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती धुळ्याला, देवपुरातल्या एका चाळवजा घराच्या माडीवर पोचली. दार बरंच वाजवल्यावर उघडलं. रूपानं सैल गाऊनवर ओढणी घट्ट गुंडाळली होती. हातांवर खाजवल्याचे ओरखडे होते आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लागल्यासारखा झाला होता.

सुलक्षणानं आपण कोण आणि तिच्या रक्तातून काय कळलं ते सांगितलं. रूपा दारातच खाली बसली.

"तुमले कोनी सांगं?" तिनं विचारलं. "मी कोनलेच सांगेल नही. नवराले बी नही. माय झोकावर इचारे, काही शे का बेटा, तिले बी नहीच सांगं."

दोन्ही वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा गेलं, हा तिचा हिशेब होता. म्हणून या वेळी तिनं तोंडच शिवून घेतलं. दवाखान्यात नाव घातलं तर आशाताई घरी येते, शेजारी कळतं, म्हणून दवाखानाही नाही. पाच महिने ती या खोलीत एकटी पोटाशी बोलत होती.

मग त्या दिवसांत काही औषध घेत होतीस का, असं सुलक्षणानं विचारलं. तिला एकशेबावीसचं कारण हवं होतं. नुसत्या गरोदरपणानं तो इतका चढत नाही.

रूपानं फडताळाकडे पाहिलं. तिथं प्लास्टिकची एक बरणी होती, अर्धी रिकामी, आत तपकिरी भुकटी. बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्यानं दिलेली. गर्भ धरून ठेवते म्हणे. सकाळ-संध्याकाळ एक चमचा, चार महिने चुकलं नव्हतं.

सुलक्षणानं बरणी उचलली तशी रूपा झडप घालून उभी राहिली. एवढ्या अशक्त बाईत इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. "ते लेवानं नही! त्यानावर टिकेल शे ते!"

आता खरी पंचाईत होती. रक्त कुणाचं हे सापडलं, विष कुठलं हेही सापडलं, पण ज्या बाईला वाचवायचं तिचा साऱ्या जगात याच बरणीवर भरवसा होता. पोलिसातला माणूस असता तर बरणी हिसकावून निघाला असता. सुलक्षणा तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"हे पोर या भुकटीनं राहिलं की आपसूक राहिलं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. पण तुझं यकृत एप्रिलमध्येच फुटायला लागलं होतं. ते मी आकड्यांत पाहिलंय. आता डोळ्यांत दिसतंय. ते गेलं तर तू जाशील, आणि तू गेलीस तर ते कशात राहील?"

रूपा रडली नाही. तिनं विचारलं, "आते सांगी टाकं ना मी तुमले. आते जाई का ते?"

"तू सांगितलं नाहीस. मला आधीच कळलं होतं."

या उत्तराचा रूपानं बराच वेळ विचार केला. मग तिनं बरणी स्वतः उचलून सुलक्षणाच्या पिशवीत ठेवली आणि चप्पल शोधू लागली.

६

धुळ्यातल्या दवाखान्यात तिला लगेच दाखल करून घेतलं. काविळीच्या सगळ्या नेहमीच्या तपासण्या झाल्या. विषाणू नव्हता. सुलक्षणानं डॉक्टरांपुढे एप्रिलचे आकडे ठेवले आणि शेजारी बरणी ठेवली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, अजून पंधरा दिवस घेतलं असतं तर कठीण होतं. आताही चार दिवस काही सांगता येणार नाही.

पोटावर यंत्र टेकवलं तेव्हा खोलीभर घाईघाईचा ठोका ऐकू आला. रूपानं सुलक्षणाचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. पाच महिने पोटात असलेल्या त्या जिवाचा आवाज त्या दोघी एकदमच पहिल्यांदा ऐकत होत्या. सुलक्षणाला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

रात्री रूपा म्हणाली, मायले तुम्हीच सांगा. मना तोंडमाईन निंघाव नही.

शनिवारी डॉ. दिपमालांनी आकडे पाठवले, एकोणचाळीस जणांचे. सदतीसपुढे कारण लिहायचं होतं. सुलक्षणानं दवाखान्यातून फोनवर सांगितलं, "लिहा, व्यक्ती सापडली." डॉ. दिपमालांनी ते तसंच लिहून घेतलं. मग त्यांनी, हवी तेवढी रजा घ्या, असं सांगितलं.

रविवारी धुरपदाबाई आली. वॉर्डात पेशंटजवळ एकालाच राहता येत होतं आणि त्याचा एकच पिवळा पास होता. सुलक्षणानं तो धुरपदाबाईच्या हातात दिला, रूपाचं औषधाचं वेळापत्रक समजावलं आणि ती जिना उतरली. तिचं काम झालं होतं. मायलेकींच्या मध्ये उभं राहायचं तिला काही कारण नव्हतं. जळगावची गाडी तीनला होती.

तरी ती दवाखान्याच्या दारातल्या बाकावर बसली. तीनची गाडी गेली, चारची गेली. आपण कशासाठी बसलोय हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. दोन दिवस एका माणसाला तिची गरज होती. आता नव्हती, आणि ही गोष्ट तिला वाटली होती त्यापेक्षा जास्त लागत होती.

पाचच्या सुमाराला धुरपदाबाई खाली आली. सुलक्षणा घाबरून अर्धवट उठली. पण म्हातारीचे डोळे रडून सुजले असले तरी चेहरा शांत होता. सकाळचे आकडे उतरले होते, थोडेच, पण उतरले होते. ती सुलक्षणाला खाली बसवून शेजारी टेकली. लेकीनं आपल्याला सांगितलं नाही, हे तिला आत लागलं होतं. मी झोक्यावर विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नाही, असं ती दोनदा म्हणाली. मग पदरानं नाक पुसून तिनं तो पिवळा पास सुलक्षणाच्या मुठीत कोंबला.

सुलक्षणानं तो परत करायला हात पुढे केला. आईचं तिथं राहणं बरं, असं ती म्हणू लागली.

"जाय वरती," धुरपदाबाई म्हणाली. सकाळपर्यंत ती सुलक्षणाला ताई, तुम्ही म्हणत होती. "पोरगी कव्हाची इचारते, ते कुठी गेली म्हनून. तू बस तिच्यापाशी. मी हाये इथी खाली."